पानाड्याचा नारळ आणि फॅरेडेची काडी : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५

विज्ञान दिनाला यंदा ज्वालामुखी नको, ठिबक सिंचनाचं मॉडेलही नको, हे नववीच्या पोरांनी आधीच सांगून टाकलं. मग बोअरचा विषय निघाला. आमच्या माणदेशात संक्रांत सरली की घराघरांत बोअरची बोलणी सुरू होतात, आणि गाडीचा फुटाचा रेट ठरायच्या आधी पाण्याची जागा दाखवणारा पानाड्या ठरतो. कुणी तळहातावर नारळ आडवा ठेवून रान चालतो, कुणी कडुनिंबाची बेचकी धरतो, कुणी दोऱ्याला किल्ली बांधतो. पाण्याच्या जागेवर नारळ उभा राहतो म्हणतात, आणि वर्गातल्या बऱ्याच मुलांनी तो उभा राहताना पाहिलाय. काहींच्या वडिलांच्या हातावरही तो उभा राहिला होता, त्यामुळे "फसवतात हो" हे उत्तर वर्गात चाललंच नाही. वडील स्वतःच्याच रानात स्वतःला कशाला फसवतील?

ठरलं ते असं: माणूस "मी काहीच केलं नाही" म्हणत असतो तेव्हा त्याचा हात काय करत असतो, ते दाखवणारी साधी उपकरणं बनवायची. आणि करणाऱ्याला काय दिसलं, काय जाणवलं, तो कारण काय देतो, हे लिहून घ्यायचं. दुसरं काम मला किरकोळ वाटलं होतं. विज्ञान मंडळाच्या फंडातून ५०० रुपये मिळाले.

७ जानेवारी

सुरुवात लंबकाने, कारण तो फुकटात होतो. लोखंडी नट, दोरा, कागदावर एक वर्तुळ आणि त्यात अधिकचं चिन्ह. दोरा चिमटीत धरायचा, कोपर टेकवायचं नाही, हात स्थिर ठेवायचा आणि नट आडव्या रेषेवरून डोलतोय असं मनात आणायचं. बहुतेकांचा नट मिनिटभरात रेषेवरून डोलायला लागतो.

शिवणाचा दोरा वापरू नका. त्याचा पीळ सुटतो, नट स्वतःभोवती गरगरतो आणि मुलं त्यालाच चमत्कार समजतात. मासेमारीचा तंगूस आणला, तो बरा. लांबी २५ सें.मी. ठेवा. त्या लांबीला एक पूर्ण हेलकावा साधारण एका सेकंदाचा असतो. झोक्याला वेळेवर दिलेला हलका धक्का जसा साठत जातो, तशी बोटांची न दिसणारी हालचाल इथे साठते. ६० सें.मी.ला हेलकावा दीड सेकंदाच्या वर जातो, मुलं कंटाळतात. पंखा बंद हवा, हे सांगायला नकोच.

शेवरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हाच प्रयोग स्वतःवर केला होता आणि १८३३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ अँपिअरला लिहिलेल्या पत्रातून तो जाहीर केला. पाऱ्यावर धरलेला लंबक डोलायचा, मध्ये काच सरकवली की थांबायचा. इतक्यावर कुणीही "पाऱ्याची शक्ती काचेने अडली" असं लिहून मोकळा झाला असता. त्याने हाताला आधार देऊन पाहिलं, तर आधार बोटांच्या जवळ येईल तसे हेलकावे कमी होत गेले. मग डोळे बांधून घेतले आणि दुसऱ्याला काच आत-बाहेर करायला सांगितलं. काचेचा परिणाम संपला. मुलांनी हे दोन्ही करून पाहिलं. हाताखाली पुस्तकांची थप्पी लावून ती बोटांकडे सरकवत न्यायची, एवढंच सामान लागतं.

१० जानेवारी

नोंदवहीचा बोजवारा. एका कागदावर "काय झालं ते लिहा" असं छापून दिलं होतं. आलेली उत्तरं: "नटमध्ये शक्ती आली." "रेषेने ओढून घेतलं." "माझ्या अंगात करंट जास्त आहे." "हवेमुळे." सगळी कारणं. नट कुठून कुठे गेला हे एकानेही लिहिलेलं नाही. हुशार मुलांचे कागद तर जास्तच निरुपयोगी, कारण त्यांनी गुरुत्वाकर्षण आणि पृथ्वीचं चुंबकत्व कामाला लावलं.

बदल केला तो असा. तीन वेगळ्या चिठ्ठ्या. पहिलीवर शब्द लिहायचेच नाहीत, नट कसा हलला ते बाणाने काढायचं. ती परत घेतल्यावर दुसरी: बोटांना, मनगटाला काय जाणवलं? तीही घेतल्यावर तिसरी: हे कशामुळे झालं असेल? तिन्ही प्रश्न एकाच कागदावर दिले तर पोरं आधी शेवटचा वाचतात आणि मग वरची दोन उत्तरं त्याला जुळवून लिहितात. चिठ्ठ्या वेगळ्या केल्यावर बाण बरेच खरे यायला लागले. तिरपे, वेडेवाकडे, मध्येच दिशा बदललेले.

दुसऱ्या चिठ्ठीवर जास्त करून "काही नाही" येतं, त्याखालोखाल "मुंग्या आल्या" आणि "बोटं जड झाली". मुंग्या खऱ्याच असणार, हात अधांतरी धरून ठेवला की येतात. पण तिसऱ्या चिठ्ठीवर त्याच मुंग्यांचा करंट झालेला असतो. खरी जाणीव, आणि तिला साक्षीला उभी करतात भलत्याच खटल्यात.

अजून एक. मदतनीस मुलगा मागे उभा राहून "आता बघा, गोल फिरणार" असं म्हणायचा. त्याच्या टेबलावर सगळ्यांचे नट गोल फिरले. त्याला रागवायच्या ऐवजी तोच प्रयोग केला: एका टेबलावर "गोल" सांगायचं, शेजारच्यावर "रेषेवर". नट तोच, कागद तोच. दोन्ही टेबलांच्या बाणांच्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी फळ्यावर लावल्या. माझ्या कुठल्याही स्पष्टीकरणापेक्षा मुलांना त्या लवकर पटल्या.

१६ जानेवारी

आता फॅरेडेची फळी. १८५३ मध्ये लंडनमध्ये टेबल फिरवण्याचं वेड पसरलं होतं. चार-पाच जण टेबलावर हात ठेवून बसायचे आणि टेबल सरकायला लागायचं. कुणी म्हणे आत्मे, कुणी म्हणे वीज. फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने आत्म्यांच्या वादात न पडता एकच गोष्ट शोधली: आधी कोण हलतं, टेबल की हात? आधी त्याने पुठ्ठ्याचे तुकडे मऊ, चिकट लगद्याने एकावर एक बसवले आणि कडेला पेन्सिलची रेघ मारली. टेबल फिरल्यावर पाहिलं तर वरचे तुकडे खालच्यांपेक्षा जास्त पुढे सरकलेले. म्हणजे हात पुढे, टेबल मागून. मग त्याने दोन फळ्यांमध्ये काचेच्या कांड्या घालून, रबराने बांधून, वर एक काडी उभी केली. फळी केसभर सरकली तरी काडी कलते.

आमची मापं: ६ मि.मी. प्लायचे दोन तुकडे, पोस्टकार्डाहून जरा मोठे (मिस्त्रींनी कापून दिले, पैसे घेतले नाहीत). मध्ये तीन रोलर, भोवती दोन रबर. वरच्या आणि खालच्या प्लायच्या कडेत मधोमध एकेक टाचणी, एकीच्या बरोबर वर दुसरी, अंतर १२ मि.मी. दोन्ही टाचण्यांत अडकवलेली झाडूची काडी, ३६ सें.मी. उंच. वरची फळी १ मि.मी. सरकली की काडीचं टोक ३ सें.मी. कलतं. वरच्या टाचणीसाठी काडीला भोक नको, उभी चीर हवी, नाहीतर काडी अडकते.

१९ जानेवारी

रोलरनी वेळ खाल्ला. प्रयोगशाळेतल्या काचेच्या कांड्या दिसायला सारख्या, जाडीला नाहीत. फळी डुगडुगते आणि काडी कुणी हात लावायच्या आधीच कलते. बॉलपेनच्या रिकाम्या रिफिली घातल्या, त्या हाताच्या वजनाने चेपल्या. शेवटी लोकर विणायची ॲल्युमिनिअमची सुई आणून तिचे तीन तुकडे केले. एकाच सुईचे तुकडे, त्यामुळे जाडी एकच. करवतीने कापल्यावर टोकं कानसून घ्या, एका मुलाचं बोट कापलं.

रबर घट्ट असेल तर काडी मेल्यासारखी उभी राहते, सैल असेल तर श्वासानेही डोलते. हात ठेवल्यावर काडी सरळ आणि करंगळीने ढकललं की बोटभर कललेली, इतपत ताण बरा.

२३ जानेवारी

चाललं! बाकांवर हे होत नाही, ते जड असतात. शिपाईमामांच्या घरची हलकी तीन पायांची तिवई आणली. चार मुली बसल्या, फळीवर हात, काडी पुठ्ठ्याआड. तिवई सरकली. मग पुठ्ठा काढला आणि काडी सगळ्यांना दिसेल अशी ठेवली, तर तिवई जागची हलेना. फॅरेडेलाही नेमकं हेच दिसलं होतं. हात कधी ढकलतोय हे डोळ्यांना दिसलं की ढकलणं आपसूक थांबतं. शिक्षा नाही, उपदेश नाही, नुसती काडी.

पण एका मुलीने लगेच सांगितलं, "बाई, काडी खोटं बोलते. आमचे हात हललेच नाहीत." आणि ती खरं सांगत होती. तिला हाताची हालचाल जाणवलेलीच नव्हती. इथे "तूच ढकललंस" असं म्हटलं की संपलं, पोर पुन्हा टेबलाशी येत नाही. मी तिलाच काडी बसवायला दिली आणि तिच्या हाताने फळी मुद्दाम ढकलून बघायला सांगितलं. उजवीकडे ढकलली, काडी उजवीकडे. मग फळीवर नुसता हात ठेवून मैत्रिणीकडून तिवई उजवीकडे ओढवली. खालची फळी आधी गेली, हात मागे राहिला, काडी डावीकडे कलली. उपकरणाची खात्री तिची तिनेच केल्यावर ती पुन्हा खेळात बसली. हे आधी करून घ्यायला हवं, नंतर नाही.

२९ जानेवारी

पानाडीमामा शाळेत आले. नात सातवीत आहे, त्यामुळे बोलावणं सोपं गेलं. नारळाला काडी लावता येत नाही, म्हणून हाताच्या पाठीवर क्रेप बँडेजने खेळण्यातला लेसर बांधला आणि ठिपका ५ मीटरवरच्या भिंतीवर पाडला. मनगट १ अंश कललं तर ठिपका जवळजवळ ९ सें.मी. सरकतो. (भिंतीकडे कुणी बसलेलं नको आणि लेसर डोळ्यांच्या उंचीवर नको.) मोबाइल बाजूला ठेवून नारळ आणि ठिपका एकाच चौकटीत, स्लो मोशनमध्ये टिपला. मामा अंगणातल्या जुन्या हौदाजवळ आले, नारळ उठला. व्हिडिओत ठिपका आधी सरकतो, नारळ नंतर.

मामांनी तो शांतपणे परत परत पाहिला. मग म्हणाले, "बाई, हात हलतो हे मला ठाव हाय. पाणीच हलवतंय त्याला." म्हणजे जे दिसलं त्याबद्दल आमचं दोघांचं एकमत, फक्त कारण वेगळं. हे आम्ही गृहीतच धरलं नव्हतं. लेसर आणि काडी एवढंच सांगतात की आधी हात हलतो. हाताला कोण हलवतं ते त्या सांगत नाहीत. त्यासाठी पाणी आहे की नाही हे मामांना माहीत नसताना पाहावं लागणार. शेवरलची डोळ्यांवरची पट्टी.

गप्पांत एक गोष्ट कळली. मामा नारळ काढायच्या आधी रान हिंडून घेतात. ओढ्याचा काठ, उंबर, वारूळ, उतार कुठे मोडतो. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत भूजलाच्या खुणांचं आख्खं प्रकरण आहे, त्यातही झाडं आणि वारुळं आहेतच. म्हणजे मामांना जमीन वाचता येते, आणि ते श्रेय नारळाला देतात. मी तसं म्हटलं तर त्यांना आवडलं नाही.

२ फेब्रुवारी

पाइपची चाचणी. लांब उडीच्या वाळूत पाऊण इंची काळा पाइप हातभर खोल पुरला. टाकीकडे वळवलेला व्हॉल्व्ह भिंतीपलीकडे. मामांना आधी विचारलं, वाहतं पाणी चालेल ना? म्हणाले, वाहतंच लागतं. व्हॉल्व्ह उघडून, त्यांना सांगून करून पाहिलं, नारळ दर वेळी पाइपावर उठला. म्हणजे त्यांच्या मते मांडणी बरोबर होती. हा टप्पा गाळू नका, नाहीतर पुढे काहीही निघालं तरी वाद मिटत नाही.

मग नाणं उडवून, छापा आला तर पाणी चालू. व्हॉल्व्हवरच्या मुलाला मामा दिसत नाहीत, मामांजवळच्या मुलीला पाणी चालू आहे की बंद हे माहीत नाही. मामांजवळच्या मुलीलाही माहीत नको ते का, तर बर्लिनच्या हान्स घोड्यामुळे. तो खूर आपटून गणितं सोडवायचा. १९०७ मध्ये मानसशास्त्रज्ञ फुंग्स्ट यांनी दाखवलं की प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत असेल आणि तो घोड्याला दिसत असेल, तरच घोड्याला उत्तर येतं. विचारणाऱ्याची मान किंचित हलायची, त्याच्याही नकळत.

पहिला दिवस वाया. मामांची उत्तरं धडाधड बरोबर यायला लागली, तेव्हा एका मुलाने वाळूला कान लावला. पाणी चालू झालं की पाइपात बुडबुडे गुडगुडत होते. मामा मुद्दाम ऐकत होते असं मला वाटत नाही, मलाही ते सांगितल्यावरच ऐकू आलं.

५ फेब्रुवारी

पाणी सतत चालूच ठेवलं, एक तर वाळूतल्या पाइपातून, नाहीतर भिंतीपलीकडच्या दुसऱ्या पाइपातून थेट बादलीत. दोन व्हॉल्व्ह, एक टी (पाइपाचा तीन तोंडांचा जोड). वाळूतल्या पाइपाचं तोंड बादलीतल्या पाण्याखाली बुडवलं, म्हणजे हवा शिरत नाही. शिवाय भिंतीपाशी पिठाच्या गिरणीचं इंजिन चालू असतानाच चाचणी घेतली. एवढा आवाज फुकट मिळत असेल तर घ्यावा.

आता बरोबर उत्तरं निम्म्याच्या आसपास. नाणेफेकीत येतात तेवढीच. १९९० मध्ये जर्मनीत कासेल इथे जमिनीत पुरलेल्या पाइपावर तीस पानाड्यांची अशीच चाचणी झाली होती. पाइपातून पाणी वाहतंय की नाही ते ओळखायचं होतं. तिथेही योगायोगाच्या पलीकडे काही निघालं नाही.

मामा म्हणाले, "पाइपातलं पाणी जित्तं नसतं." तीन दिवसांपूर्वी ते चाललं होतं, हे मुलांनी लगेच दाखवलं असतं. मी डोळ्यांनीच गप्प केलं. वयाने मोठ्या माणसाला चार पोरांत कोंडीत पकडायचं हा प्रकल्प नव्हता. त्यांचं वाक्य तिसऱ्या चिठ्ठीवर जसंच्या तसं लिहून घेतलं.

मुलांचा पुढचा प्रश्न रास्त होता: मग मामांनी दाखवलेल्या बोअरला पाणी लागतं कसं? आपल्या राज्याचा सुमारे ८० टक्के भाग बेसॉल्टचा. पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत. ते कुठे थोडं, कुठे बरं लागतं. खोल गेलं की बऱ्याच ठिकाणी काहीतरी मिळतं. आणि नारळ उठला नाही तिथे बोअर कुणीच घेत नाही, त्यामुळे तुलना होतच नाही. कोरड्या गेलेल्या बोअरची गोष्टही लग्नात कुणी सांगत नाही.

११ फेब्रुवारी

वसतिगृहातल्या मुलींनी वाटी फिरवून प्लँचेट करायची कल्पना आणली. अक्षरांचा कागद, मध्ये उलटी वाटी, त्यावर बोटं. उत्तरं भराभर आली. मग डोळे बांधले आणि कागद गुपचूप फिरवला. वाटी गेली, पण अक्षरं जिथे आधी होती तिथे. हाती आली अर्थहीन अक्षरं. प्रयोग म्हणून छान. पण एकीने मध्येच वारलेल्या आजोबांना बोलावलं आणि डोळे बांधायच्या आधीच रडायला लागली. टेबलावरून हा खेळ काढून टाकला. तुम्ही करणार असाल तर प्रश्न फक्त "उद्याच्या डब्यात काय" असलेच ठेवा.

२८ फेब्रुवारी

तीन टेबलं: लंबक, फॅरेडेची काडी, लेसरचा व्हिडिओ. दहावी परीक्षेत, म्हणून नववीनेच सांभाळलं. गर्दी लंबकाला. काडीपाशी माणसं थांबतात, पण काय बघायचं हे सांगावं लागतं. तिथे एक मूल कायम बसवा.

चिठ्ठ्यांची थप्पी घरी आणली आहे. शिकलेल्या लोकांची कारणं लांब आणि खात्रीची: चुंबकीय क्षेत्र, ऑरा, अवचेतन मन. कमी शिकलेल्यांपैकी अनेकांनी तिसरी चिठ्ठी कोरी ठेवली. एका आजींनी नातीकडून दुसऱ्या चिठ्ठीवर लिहून घेतलं, "हात हलतो, पण मी हलवत नाही." कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८५२ मध्ये अशा हालचालींना आयडिओमोटर हे नाव दिलं. वर्णन म्हणून आजींचं वाक्य त्या नावाहून जास्त कामाचं आहे, कारण त्यात कारण मिसळलेलं नाही. तिसऱ्या चिठ्ठीवर त्यांनी "द्येवाला ठाव" लिहवलं.

मामा आले होते. लंबकाशी बराच वेळ बसले, डोळे उघडे ठेवून आणि मिटून.

४ मार्च

खर्च: तंगूस २०, विणायची सुई ४०, लेसर १२०, क्रेप बँडेज ९०, काळा पाइप २२०, दोन व्हॉल्व्ह आणि टी मिळून २३०, चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स ६०. एकूण ७८० रुपये. वरचे २८० शिक्षकांनी भरले. पाइपची चाचणी गाळली तर सगळं ३५० च्या आत बसतं. पहिल्यांदा करणाऱ्यांनी गाळावी, तिच्यात फार दिवस जातात.

पुढच्या वेळी बदलायच्या गोष्टी: चिठ्ठ्या तीन रंगांच्या हव्यात, गर्दीत अदलाबदल झाली. झाडूच्या काडीऐवजी बांबूची सळई, कारण काडी दमट हवेत वाकते. लेसरचे सेल व्हिडिओ काढायच्या दिवशी नवीन घाला. आणि लंबकाच्या टेबलावर बसणाऱ्या मुलाने पुढे काय होणार ते आधी बोलायचं नाही, हे त्याच्याकडून दोनदा वदवून घ्या.